वेबसाइटचे पैसे कधी, किती आणि कशाच्या बदल्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावजवळ बेदाणा आणि हळदीचा घरचा व्यवसाय आहे. घाऊक व्यवहार चांगला चालतो, आता थेट ग्राहकाला किरकोळ विक्री करायची आहे. पंचवीसेक वस्तू, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषा, ऑनलाइन पेमेंट, कुरिअर. अशी वेबसाइट बनवून देण्याची दोन कोटेशन आली आहेत. सांगलीतला एक मुलगा एकट्याने काम करतो, तो २५,००० म्हणतो, पण सगळे आधी. पुण्यातली एक एजन्सी २,८०,००० म्हणते, निम्मे आधी आणि निम्मे साइट लाइव्ह झाल्यावर. काम कोणाला द्यावं आणि पैसे कसे द्यावेत?

मी पुण्यात बरीच वर्षं फ्रीलान्सर म्हणून हेच काम केलं, आता माझ्याकडे येणाऱ्या कामांसाठी मीच दुसऱ्या फ्रीलान्सरना नेमतो. बिल पाठवून वाट बघणंही माहीत आहे आणि आलेलं बिल चुकवणंही.

या अटींवर दोघांनाही काम देऊ नका. किमतीचं नंतर बोलू, आधी अटी बघा. सांगलीच्या मुलाला २५,००० दिलेत की तुमच्या हातात आग्रह धरायला काही उरत नाही. एजन्सीला पहिल्याच दिवशी १,४०,००० दिलेत की पुढचे दोन-तीन महिने फोन तुम्ही करणार, आणि शेवटी उरलेले १,४०,००० अडकले की फोन ते करणार. मधल्या काळात काम कुठवर आलंय हे कोणालाच नीट सांगता येणार नाही.

कोणताही करार हातात आला की मी एकच गोष्ट बघतो. आज संध्याकाळी हे काम काही कारणाने कायमचं थांबलं, तर कोणाचे किती बुडतील? माणूस आजारी पडतो, त्याला नोकरी लागते, तुमच्या घरात वाटणी होते, काहीही होऊ शकतं. कामाच्या कुठल्याही दिवशी या प्रश्नाचं उत्तर ‘फार तर एका टप्प्याचे’ असं आलं पाहिजे, आणि ते दोघांच्याही बाबतीत. बेदाण्याच्या सौद्यात माल समोर असतो, मूठभर हातात घेऊन रंग बघून तुम्ही बोली लावता. इथे भाव ठरतो तेव्हा माल तयारच नसतो. म्हणून तो जसा तयार होईल तसा ताब्यात घ्यायचा आणि तसे पैसे सोडायचे.

आता किमतीकडे. पंचवीस हजार आणि पावणेतीन लाख हे एकाच कामाचे भाव असूच शकत नाहीत. दोघांनी वेगवेगळी कामं डोळ्यांपुढे ठेवलेली आहेत, आणि तुम्हाला कोणीच ते सांगितलेलं नाही. तुमच्यासारखं दुकान वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्याला जोडून ऑनलाइन दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) नीट उभं करायला माझ्या अंदाजाने १२० ते १६० तास लागतात. १४० धरू. त्यात डिझाइन, थीम म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा बसवून तो बदलून घेणं, प्रत्येक वस्तू पाव किलो, अर्धा किलो, एक किलो अशा वजनांसह भरणं, दोन्ही भाषा, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन खात्यात जमा करणारी सेवा), पिनकोडप्रमाणे कुरिअरचे दर, ऑर्डरचे ईमेल आणि एसएमएस, स्वस्त मोबाइलवर सगळं तपासणं, आणि शेवटी ऑर्डर कशा हाताळायच्या हे तुमच्या घरच्या माणसाला बसवून शिकवणं, एवढं आलं.

२५,००० ला १४० ने भागलं तर तासाला १८० रुपयेही पडत नाहीत. एवढ्यात तो इतके तास देणार नाही, हे उघड आहे. बहुधा त्याच्या डोक्यात तयार थीम आणि तिच्यातलंच नमुना दुकान आहे, फक्त लोगो आणि फोटो बदलायचे. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. काही व्यवसायांना तेवढं पुरतं. पण ते तुम्हाला माहीत असायला हवं. एक प्रश्न मात्र त्याला नक्की विचारा: थीम आणि प्लगइनचे (साइटला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचे) परवाने कोणाच्या नावावर आणि कोण विकत घेणार? ‘ते माझ्याकडे आहेत’ असं मोघम उत्तर आलं तर सावध व्हा. परवाना मोडून फुकट वाटलेल्या, ज्यांना या धंद्यात नल्ड म्हणतात, त्या थीममध्ये बऱ्याचदा कोणीतरी स्वतःचा कोड घुसवून ठेवलेला असतो. मग एके दिवशी तुमच्या हळदीच्या पानावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात.

२,८०,००० ला १४० ने भागलं तर तासाला बरोबर २,००० येतात. त्यात वस्तूंचे फोटो, मजकूर लिहून देणं आणि वर्षभराची देखभाल असेल तर भाव अवाजवी नाही. नसेल, तर तुम्ही त्यांच्या ऑफिसच्या भाड्यात हातभार लावताय. आणि हे जीएसटी धरून की सोडून, तेही विचारून घ्या. १८ टक्के वर लागले तर आकडा ३,३०,४०० होतो. तुमची नोंदणी असेल तर त्या कराचं क्रेडिट मिळू शकतं, ते तुमच्या सीएकडून पक्कं करा. सांगलीच्या मुलाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना त्याला बिलात जीएसटी लावताही येत नाही.

माझ्या पाहण्यात सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात तीन-चार वर्षं वूकॉमर्स केलेला फ्रीलान्सर तासाला ७०० ते १,००० रुपयांत चांगलं काम करतो. म्हणजे तुमचं काम ९८,००० ते १,४०,००० च्या दरम्यान कुठेतरी बसतं. पुढचा हिशेब मी १,२०,००० धरून मांडतो.

एक जरा आडवळणाचं बोलतो. किरकोळ विक्री चालेल की नाही हेच अजून ठाऊक नसेल, तर पहिले सहा महिने शॉपिफायसारख्या महिना भाडं घेणाऱ्या सेवेवर साधं दुकान थाटून बघायलाही हरकत नाही. ते जमवून द्यायला डेव्हलपरचे वीस-तीस तास पुरतात. माझ्याच धंद्याच्या पोटावर पाय देणारा सल्ला आहे, पण ऑर्डरच आल्या नाहीत तर सव्वा लाखाची साइट बघत बसण्यापेक्षा बरं.

माणूस निवडायचा कसा, यावर फार लिहीत नाही. त्याने केलेल्या तीन चालू साइट मागा आणि त्यांवर आपल्या मोबाइलवरून वस्तू कार्टमध्ये टाकून पेमेंटच्या पानापर्यंत जाऊन बघा. प्रत्येक साइटमध्ये नेमकं याने काय केलं ते विचारा, कारण एजन्सीत असताना एक बटण बदलणाराही ती साइट ‘माझी’ म्हणून दाखवतो. जुन्या एका ग्राहकाशी फोनवर बोला आणि त्याला एवढंच विचारा की पूर्ण पैसे दिल्यानंतरही हा फोन उचलायचा का. मग चाचणी म्हणून एक छोटं काम द्या: बेदाण्याच्या एका वस्तूचं पान, दोन्ही भाषांत, मोबाइलवर नीट दिसणारं. त्याचे चार-पाच हजार रुपये द्या. फुकट नमुना मागू नका. फुकट नमुने करून देणारे बहुतेक रिकामे बसलेले असतात, आणि जे कामात बुडालेले असतात ते तुमच्या मेसेजला उत्तरच देणार नाहीत. एजन्सीच्या बाबतीत काम प्रत्यक्ष कोण करणार त्याला भेटायचा आग्रह धरा. मीटिंगला येतो तो सेल्सवाला असतो.

आता खरा मुद्दा. पहिला रुपया देण्याआधी काही गोष्टी तुमच्या नावावर झाल्या पाहिजेत, कारण टप्प्यांचा सगळा हिशेब यांवर उभा आहे. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुम्ही स्वतः घ्या, तुमच्या ईमेलने, तुमच्या कार्डावर. वर्षाला हजार-बाराशेचं काम आहे, दहा मिनिटं लागतात. नूतनीकरणाच्या सूचना त्याच ईमेलवर येतात, म्हणून तो व्यवसायाचा ईमेल असू द्या, पुतण्याचा कॉलेजमधला नको. होस्टिंगचं (साइट जिथे ठेवली जाते त्या सर्व्हरचं) खातंही तुमचंच, डेव्हलपरला त्यात वेगळा प्रवेश द्यायचा. पेमेंट गेटवेची केवायसी तर तुमच्याच पॅन आणि बँक खात्यावर होते. गिटहबवर (कोड साठवून ठेवायची ऑनलाइन जागा) तुमचं खातं उघडा आणि डेव्हलपरला त्यात सहभागी करा. कोड रोजच्या रोज तिथे पडत राहिला पाहिजे. तुम्हाला तो वाचता येणार नाही, त्याची गरजही नाही. उद्या माणूस बदलावा लागला तर दुसऱ्याला वाचता येईल, तेवढं पुरे.

डोमेन डेव्हलपरच्या नावावर आणि ग्राहक त्याच्या मागे, ही तक्रार माझ्याकडे जितक्यांदा येते तितकी दुसरी कुठली येत नाही. बरं, यात डेव्हलपर दर वेळी लबाड असतो असंही नाही. ग्राहकालाच ‘तूच घेऊन टाक, बिलात लाव’ म्हणायची सवय असते. मग तो मुलगा परदेशी जातो, जुना ईमेल बंद करतो, डोमेनची मुदत संपते आणि दिवाळीच्या ऐन ऑर्डरींमध्ये साइट गायब होते.

टप्पे मी असे पाडीन. काम सुरू करताना २० टक्के, म्हणजे २४,०००. हा इसार. याच्या बदल्यात तुम्हाला काही मिळत नाही, एवढी जोखीम तुम्ही घ्यायची, कारण तोही तुमच्यासाठी दुसरं काम नाकारत असतो. त्यानंतर डिझाइन ठरून तीन नमुना वस्तूंसह दुकान चाचणीच्या पत्त्यावर दिसू लागलं की २५ टक्के, ३०,०००. मग सर्व वस्तू, दोन्ही भाषा, कुरिअरचे दर आणि गेटवेवर चाचणीचं पेमेंट यशस्वी झालं की ३० टक्के, ३६,०००. हा सर्वांत मोठा टप्पा, कारण खरं काम इथे आहे. साइट तुमच्या डोमेनवर लाइव्ह होऊन एक खरी ऑर्डर, खरे पैसे भरून आणि परत करून तपासली की १५ टक्के, १८,०००. उरलेले १० टक्के, १२,०००, लाइव्ह झाल्यापासून ३० दिवसांनी. त्या दिवसांत सापडलेले दोष त्याने फुकट दुरुस्त करायचे.

‘आज काम थांबलं तर कोणाचे किती बुडतील’ ही कसोटी लावून बघा. पहिल्या दिवशी तुमचे २४,००० बाहेर आहेत. पहिला टप्पा पूर्ण होऊन बिल आलं त्या दिवशी त्याने ५४,००० चं काम केलेलं आहे आणि हातात २४,००० आहेत, म्हणजे त्याचे ३०,००० बाहेर. ते दिले की हिशेब बरोबरीत. पुढच्या टप्प्यात त्याचे जास्तीत जास्त ३६,००० अडकतात. लाइव्ह झाल्यावर फक्त १२,००० मागे राहतात. एजन्सीच्या निम्म्या-निम्म्या पद्धतीत दोन्ही बाजूंना १,४०,००० पर्यंत खड्डा पडू शकतो.

प्रत्येक टप्प्याचं वर्णन असं हवं की दोघांनी स्क्रीनकडे बघून हो किंवा नाही म्हणता आलं पाहिजे. ‘७० टक्के काम पूर्ण’ हे वाक्य करारात आलं की भांडण ठरलेलं. ७० टक्के कोणी मोजायचे? ‘चाचणी कार्डाने ५०० ग्रॅम बेदाण्याची ऑर्डर पूर्ण होते आणि ईमेल येतो’ यावर वाद घालता येत नाही. तसंच तारखेवर पैसे बांधू नका. ‘दर महिन्याला चाळीस हजार’ असं ठरवलं तर पैसे वेळेवर जातात, काम मागे राहतं.

आता दुसरी बाजू, जी ग्राहकाला कोणी सांगत नाही. वेबसाइटचं काम रखडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण ग्राहक स्वतः असतो. वस्तूंचे फोटो येत नाहीत. हळदीच्या तीन प्रकारांत फरक काय ते दोन ओळींत लिहून मिळत नाही. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) क्रमांक व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी फोटोत असतो. गेटवेवाले साइटवर परतावा, गोपनीयता आणि संपर्क यांची पानं असल्याशिवाय खातं चालू करत नाहीत, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. ते नाव घरातल्या कोणाचं, यावर दोन आठवडे जातात. ओटीपी किंवा ऑर्डरचे एसएमएस पाठवायचे तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीच्या नोंदणी यंत्रणेवर, तुमच्या व्यवसायाची नोंदणी, पाठवणाऱ्याचं हेडर आणि मजकुराचा साचा मंजूर व्हावा लागतो. यातलं एकही काम डेव्हलपर तुमच्या वतीने उरकू शकत नाही. म्हणून करारात तुमच्या कामांचीही यादी आणि तारखा असू द्या, आणि तुमच्यामुळे काम १५ दिवसांहून जास्त थांबलं तर तोवर झालेल्या तासांचे पैसे त्याला मागता येतील, असं लिहा. पहिल्या टप्प्यात तीन नमुना वस्तू म्हटलं ते याचसाठी. तुमचे पंचवीस फोटो आले नाहीत म्हणून त्याचे ३०,००० अडकता कामा नयेत.

उत्तर देण्याचीही मुदत ठेवा. त्याने टप्पा दाखवला की ७ दिवसांत तुम्ही चुका लेखी कळवायच्या. काहीच कळवलं नाही तर मान्य. ‘घरच्यांना दाखवतो’ म्हणून महिनाभर बिल झुलवत ठेवणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे.

आणि ‘एवढंच फक्त’. लॉगिनला ओटीपी पण टाक ना, एवढंच फक्त. घाऊक ग्राहकांना वेगळा दर दिसू दे, एवढंच फक्त. ग्राहकाला ती एक ओळ वाटते, करणाऱ्याला ते पंधरा तास असतात. डिझाइनमध्ये दोन वेळा बदल किमतीत धरा, त्यापुढचे बदल आणि यादीबाहेरचं काम तासाच्या ठरलेल्या दराने, आधी अंदाज लेखी घेऊन. मुख्य काम ठोक रकमेत आणि वाढीव काम तासावर, ही विभागणी मला वर्षानुवर्षं सगळ्यात कमी कटकटीची वाटत आलीय. पूर्ण काम तासावर द्यायचं तर रोज लक्ष घालणारा कोणी तुमच्याकडे हवा, तो नसणार.

कायद्याची एक बाब अशी आहे की ती कळल्यावर बहुतेक व्यावसायिक खुर्चीत सरळ होतात. पूर्ण पैसे दिले तरी कोडचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत केलेल्या कामाचे हक्क सुरुवातीपासून त्याला नोकरीवर ठेवणाऱ्याचेच असतात, पण फ्रीलान्सर तुमचा नोकर नाही. त्याने लिहिलेला कोड त्याचाच राहतो, तुम्हाला फार तर वापरायची मुभा मिळते. हक्क तुमच्याकडे यायचे तर ते लेखी, त्याच्या सहीने सोपवले गेले पाहिजेत. त्यातही कलम १९ ची मेख आहे: मुदत लिहिली नाही तर हस्तांतर फक्त ५ वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द विसरू नका. उद्या दुबईहून ऑर्डर आल्या तर कामाला येतील. मात्र डेव्हलपरकडून सगळंच काढून घ्यायला जाऊ नका. वर्डप्रेस मुळात मुक्त परवान्याचं आहे, ते विकायला त्याचं नाहीच. आणि तो प्रत्येक कामात वापरतो ते स्वतःचे लहान-मोठे तुकडे त्याच्याकडे राहू द्या, तुम्हाला वापरायचा कायमचा परवाना पुरे. हक्क प्रत्येक टप्प्याचे पैसे मिळाल्यावर त्या टप्प्यापुरते तुमच्याकडे येतील, असं लिहिलं की कसोटी इथेही लागू होते.

बाकी अटी ईमेलवर ठरवून ‘मान्य’ असं उत्तर घेतलं तरी चालतं, इलेक्ट्रॉनिक रीतीने झालेला करार कायद्याला मान्य आहे. कॉपीराइटच्या एका पानावर मात्र सही घ्या.

आता उशिराच्या पेमेंटबद्दल, आणि हे तुम्हाला उद्देशून आहे. त्या मुलाची उद्यम नोंदणी असेल (ती फुकट असते, आणि हल्ली बरेच फ्रीलान्सर ती करून ठेवतात), तर २००६ चा एमएसएमई (लघु उद्योगांचा) कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत, ठरली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून असं मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला थकलेलंच असेल, तर त्या वर्षी तो खर्च तुम्हाला वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षीच मिळतो. शेवटचे दहा टक्के ९० दिवस न ठेवता ३० दिवसच का ठेवले, त्याचं हे एक कारण. दुसरं म्हणजे ३० दिवसांत जे दोष दिसत नाहीत, ते बहुतेक नंतरच्या अपडेटमुळे आलेले असतात, आणि त्यासाठी देखभालीचा वेगळा करार हवा.

टीडीएसवरून (बिल देतानाच कापून सरकारकडे भरायच्या प्राप्तिकरावरून) होणारी वादावादी तर टाळण्यासारखीच आहे. तुमची मागच्या वर्षीची उलाढाल १ कोटीच्या वर असेल, आणि घाऊक बेदाण्यात ती सहज असते, तर तुम्हाला कापावा लागेल. काही सीए हे काम तांत्रिक सेवा धरून २ टक्के कापतात, काही कंत्राट म्हणून व्यक्तीला १ टक्का, काही व्यावसायिक सेवा म्हणून १०. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आल्याने कलमांचे आकडेही बदललेत, त्यामुळे जुन्या बिलांवरचं १९४जे हे जुन्या कायद्याचं कलम शोधत बसू नका. दर कुठला ते सीएला आधी विचारा आणि कोटेशन मान्य करतानाच डेव्हलपरला कळवा. त्याचा पॅन नसेल तर २० टक्के जातील, हेही सांगा. ३०,००० च्या बिलावर अचानक २७,००० आले की नवख्या मुलाला तुम्ही बुडवलं असंच वाटतं. कापलेला कर त्याच्या पॅनवर वेळेत जमा करणं ही तुमची जबाबदारी.

अपवर्क, फायव्हर या फ्रीलान्सर शोधायच्या साइटवरून माणूस घ्यावा का? अनोळखी आणि लांबचा असेल तर त्यांचा एक फायदा खरा आहे: टप्प्याचे पैसे आधी त्यांच्याकडे जमा राहतात. अपवर्कवर ठोक कामाचा टप्पा सादर झाल्यावर तुम्ही १४ दिवस काहीच बोलला नाहीत तर पैसे आपोआप सुटतात, हे लक्षात ठेवा. पण फायव्हर विकणाऱ्याच्या कमाईतून २० टक्के कापतो, ते शेवटी भावात येतातच. तासगाव आणि सांगलीतल्या दोघांनी डॉलरमध्ये हिशेब करण्यात मला अर्थ दिसत नाही.

भांडण झालंच तर दोन गोष्टी कोणी करू नयेत. तुम्ही शेवटचा टप्पा थकवून पासवर्ड बदलू नका. आणि त्याने पैसे थकले म्हणून तुमची लाइव्ह साइट बाहेरून बंद पाडू नये. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत असा अडथळा आणणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसू शकतं, आणि मग थकबाकीदार कोण हा प्रश्न बाजूलाच पडतो. पुढच्या टप्प्याचं काम थांबवणं हा त्याचा हक्क आहे, तेवढा पुरेसा असतो. उशिरासाठी दिवसाला अमुक दंड असल्या अटींवर मी वेळ घालवत नाही. भारतीय करार कायद्यात ठरलेली दंडाची रक्कम ही फक्त कमाल मर्यादा असते, वाजवी भरपाई तेवढी मिळते, आणि ती मिळवायला कोर्टात जावं लागतं. त्यापेक्षा कोणत्याही टप्प्याअखेर दोघांनाही हिशेब चुकता करून वेगळं होता येईल, अशी अट ठेवा.

तुमच्या जागी मी असतो तर आधी सांगलीच्या मुलालाच बोलावलं असतं. सगळे पैसे आधी मागतोय म्हणजे कोणीतरी त्याला बुडवलेलं असण्याची शक्यता जास्त. कामाची यादी त्याच्यासमोर ठेवा, तासांचा अंदाज त्यालाच करू द्या आणि २५,००० विसरायला सांगा. दोघांनाही पाठवता येईल असा मजकूर देतो, नावं आणि आकडे बदलून घ्या:

‘सोबत कामाची यादी जोडली आहे. प्रत्येक बाबीला किती तास लागतील आणि एकूण रक्कम किती, जीएसटी वेगळा दाखवून, कळवावे. डोमेन, होस्टिंग, गेटवे आणि कोडचं खातं आमच्या नावावर राहील. थीम आणि प्लगइनचे परवाने आम्ही आमच्या नावाने विकत घेऊ. पेमेंट २०, २५, ३०, १५ आणि १० टक्के अशा पाच भागांत, यादीत लिहिलेल्या टप्प्यांप्रमाणे. आम्ही ७ दिवसांत तपासून लेखी कळवू, न कळवल्यास टप्पा मान्य समजावा, आणि मान्य झालेल्या टप्प्याचं बिल पुढच्या ७ दिवसांत चुकतं करू. आमच्याकडून येणाऱ्या फोटो, मजकूर आणि नोंदणीच्या तारखाही यादीत दिल्या आहेत. आमच्यामुळे काम १५ दिवसांहून अधिक थांबल्यास तोपर्यंतच्या तासांचं बिल करावं. यादीबाहेरच्या कामाचा तासाचा दर कळवावा. प्रत्येक टप्प्याचे पैसे मिळाल्यावर त्या टप्प्यात आमच्यासाठी लिहिलेल्या कोडचे आणि डिझाइनचे हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी आमच्याकडे येतील. कोणत्याही टप्प्याअखेर कोणीही लेखी कळवून काम थांबवू शकेल. टीडीएस नियमाप्रमाणे कापला जाईल.’

याला एजन्सीकडून बहुधा ‘आमची पॉलिसी ५०-५० ची आहे’ असं उत्तर येईल. तेव्हा पहिल्या पन्नासचे दोन भाग करा म्हणावं, २५ सुरुवातीला आणि २५ डिझाइन मान्य झाल्यावर, आणि दुसऱ्या पन्नासचेही तसेच. बहुतेक एजन्सी मानतात, त्यांनाही शेवटी १,४०,००० अडकून राहायला नकोच असतात. त्या मुलाकडून काही दिवस उत्तर आलं नाही तर फोन करा. अशी यादी त्याला आजवर कोणी दिलेली नसेल, आणि तास मोजायला त्याला वेळ लागेल.